‘दिसेनाशी’ आणि ‘नाहीशी’ : किरणोपचारानंतरच्या प्रतिमांच्या वाचनाविषयी

एखादी वस्तू नजरेसमोरून गेली हे सांगण्यास मराठीत दोन निकटच्या रचना आहेत. ‘दिसेनाशी झाली’ ही एक, व ‘नाहीशी झाली’ ही दुसरी. पहिलीत मूळ क्रिया ‘दिसणे’ ही असल्यामुळे विधान पाहणाऱ्याच्या दृष्टीपुरते मर्यादित राहते; दुसरीत वस्तूच्या अस्तित्वाविषयीच विधान केलेले असते. नित्याच्या बोलण्यात या दोहोंची अदलाबदल झाली तरी फारसे बिघडत नाही. वळणाआड गेलेली आगगाडी दिसेनाशी झाली, म्हणून ती नाहीशी झाली असे कोणी समजत नाही. वैद्यकाच्या एका शाखेत मात्र या दोन रचनांमधील अंतरावर रुग्णाचे पुढील सारे आयुष्य अवलंबून असते. कर्करोगाच्या गाठीवर प्रथम किरणोपचार करून नंतर शस्त्रक्रिया करावयाची असते, तेव्हा मधल्या काळात घेतलेल्या प्रतिमांवरून गाठीने उपचारास कितपत दाद दिली हे ठरवावे लागते. प्रस्तुत लेखात या निर्णयाच्या स्वरूपाचे विवेचन करावयाचे आहे. लेखक वैद्य नव्हे. चिन्हावरून अर्थाकडे कोणत्या आधाराने जाता येते हा त्याचा अभ्यासविषय आहे, आणि प्रतिमावाचन हे त्या प्रश्नाचे एक अतिशय कसोटीचे उदाहरण आहे. येथील अधिकार तेवढाच.

विवेचनासाठी गुदाशयाच्या कर्करोगाचे उदाहरण घेणे सोयीचे आहे, कारण या प्रश्नाचा ऊहापोह त्या क्षेत्रात सर्वांत अधिक झालेला आहे. गुदाशय हा मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग. तो कटिराच्या अरुंद जागेत असल्यामुळे शस्त्रक्रियेनंतर रोग त्याच ठिकाणी पुन्हा उद्भवण्याचा धोका पूर्वी बराच असे. म्हणून शस्त्रक्रियेला किरणोपचाराची जोड देण्यात आली. किरण आधी द्यावेत की नंतर, हा वाद पुष्कळ काळ चालला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन चाचणीने तो बहुतांशी मिटविला: किरण व औषधे शस्त्रक्रियेपूर्वी दिली असता पाच वर्षांत त्याच जागी रोग परतण्याचे प्रमाण ६ टक्के राहिले, नंतर दिली असता ते १३ टक्के होते. एकूण आयुर्मानात मात्र फरक पडला नाही. सामान्यतः ४५ ते ५० ग्रे इतकी मात्रा पाच-साडेपाच आठवड्यांत विभागून, सौम्य रासायनिक औषधाच्या जोडीने दिली जाते. किंवा २५ ग्रे मात्रा केवळ पाच दिवसांत दिली जाते.

क्रम बदलल्यामुळे एक नवाच प्रश्न उभा राहिला. शस्त्रक्रिया आधी होत असे तेव्हा गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली जाई, आणि किरण उरल्यासुरल्या अदृश्य पेशींसाठी असत. आता गाठ शरीरात असतानाच तिच्यावर किरण पडू लागले, आणि काही रुग्णांत, कापून काढलेल्या आतड्यात कर्कपेशी एकही सापडत नाही असे आढळू लागले. वर उल्लेखिलेल्या जर्मन चाचणीत असे रुग्ण ८ टक्के होते. पुढे उपचार अधिक तीव्र झाले तसे हे प्रमाण वाढले. ज्या आतड्यात रोग उरलेलाच नव्हता ते कापून काढण्यात आले, आणि गाठ गुदद्वाराच्या निकट असल्यास रुग्णाला जन्मभर पोटावर पिशवी बाळगावी लागली. अशा रुग्णाने ‘हे आधी कळले नसते काय?’ असे विचारले, तर तो प्रश्न गैरवाजवी म्हणता येणार नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच्या प्रतिमावाचनाला जे महत्त्व आले ते या प्रश्नामुळे.

गाठीची दाद मोजण्याचा सर्वांत जुना व सोपा मार्ग म्हणजे तिचे आकारमान मोजणे. परंतु मोजमाप हेही एक प्रकारचे वाचनच आहे, आणि दोन वाचकांत मतभेद व्हावयाचेच. १९७६ मध्ये मोर्टेल व हॅन्ली यांनी एक मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी १२ भरीव गोळे मऊ गादीवर ठेवून वर फोमचा थर घातला आणि १६ अनुभवी कर्करोगतज्ज्ञांना ते हाताने चाचपून मोजावयास सांगितले. गोळे अर्थातच वाढत नव्हते की आटत नव्हते. तथापि मापे इतकी वेगवेगळी आली की काही गोळे ‘कमी झाले’ व काही ‘वाढले’ असे म्हणण्याची वेळ आली. तात्पर्य, मापनातील चुकीपेक्षा स्पष्टपणे मोठा असेल तोच फरक दाद म्हणून मानावा. १९७९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लांबी व रुंदीचा गुणाकार ५० टक्क्यांनी घटणे ही ‘अंशतः दाद’ ठरविली. २००० साली ‘रेसिस्ट’ या नावाने आलेल्या निकषांनी केवळ सर्वांत लांब व्यासाचे माप घेतले व ३० टक्के घट ही मर्यादा घातली.

ही दोन मापे परस्परांहून भिन्न वाटतात. वस्तुतः ती एकच गोष्ट सांगतात. पाच सेंटिमीटर व्यासाची गोल गाठ साडेतीन सेंटिमीटरवर आली, तर व्यास ३० टक्क्यांनी घटला; दोन व्यासांचा गुणाकार २५ वरून १२.२५ वर, म्हणजे निम्म्याहून किंचित खाली आला. आणि घनफळ सुमारे ६६ टक्क्यांनी घटले. एकाच वस्तुस्थितीला ‘तीस’, ‘एक्कावन्न’ आणि ‘सहासष्ट’ अशी तीन विशेषणे लागू शकतात हे अहवाल वाचणाऱ्याने विसरता कामा नये. वृत्तपत्रांतून ‘गाठ दोन-तृतीयांश विरघळली’ असे मथळे येतात, तेव्हा कोणते माप अभिप्रेत आहे हे क्वचितच सांगितलेले असते.

गुदाशयाच्या बाबतीत हे मापन फारसे उपयोगी पडत नाही. एक तर हा पोकळ व लवचिक अवयव. त्यातील गाठ गोळ्यासारखी नसून भिंतीला लपेटलेली असते. दुसरे व अधिक महत्त्वाचे कारण असे की मेलेली गाठ विरघळून जागा मोकळी करतेच असे नाही. तिच्या जागी तंतुमय व्रण तयार होतो. भिंत जाडच राहते, परंतु तीत कर्कपेशी असतीलच असे नाही. उलटपक्षी भिंत पातळ होऊन जवळजवळ पूर्ववत दिसू लागली, तरी खोल स्नायूंच्या थरात पेशींचे तुरळक पुंजके राहू शकतात. म्हणजे दिसणे व असणे यांच्या चारही जोड्या संभवतात: दिसते आणि आहे, दिसत नाही आणि नाही, दिसते पण नाही, दिसत नाही पण आहे. पहिल्या दोन जोड्यांत प्रतिमा निःशंकपणे उपयोगी ठरते. सारी अडचण उरलेल्या दोहोंची आहे.

येथे एम्. आर्. आय्. या तंत्राचे साहाय्य होते. शरीरातील पाण्याच्या रेणूंमधील हायड्रोजनचे केंद्रक प्रबळ चुंबकीय क्षेत्रात रेडिओलहरींना जे उत्तर देतात त्यावरून ही प्रतिमा घडते, आणि ऊतकाच्या प्रकृतीप्रमाणे ती काळी, करडी वा पांढरी उमटते. या कामी वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या छायेत चरबी उजळ, स्नायू काळसर व जिवंत गाठ मध्यम करडी दिसते. किरणोपचारानंतरचा तंतुमय व्रण स्नायूहूनही काळा दिसतो. तेव्हा वाचकाने पाहावयाचे ते असे की करड्या रंगाची जागा काळ्याने कितपत घेतली. या आधारावर पाच श्रेणी केल्या जातात. पहिलीत केवळ बारीक काळी रेघ उरते. दुसरीत दाट व्रण असतो पण करडा अंश दिसत नाही. तिसरीत व्रण अधिक व गाठ कमी. चौथीत गाठ अधिक व व्रण कमी. पाचवीत काहीच बदल नाही.

या श्रेणींचा इतिहास भाषेच्या अभ्यासकाला मनोरंजक वाटेल. त्या मुळात प्रतिमांसाठी घडविलेल्या नव्हत्या. १९९४ साली फ्रान्समधील मांदार व सहकाऱ्यांनी अन्ननलिकेच्या कर्करोगात, काढून घेतलेल्या गाठीच्या सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठी पाच श्रेणींची पद्धत मांडली, पुढे एम्. आर्. आय्. वाचणाऱ्यांनी तीच आपल्या प्रतिमांना लावली. हे एका अर्थी भाषांतरच होय. सूक्ष्मदर्शकाच्या भाषेत ‘पेशी’ हा शब्द आहे, एम्. आर्. आय्.च्या भाषेत तो नाही, तेथे फक्त ‘छटा’ आहेत. मूळ ग्रंथातील एक संज्ञाच ज्या भाषेत नाही त्या भाषेत केलेल्या भाषांतराची जी गत होते, तीच येथे झाली. प्रतिमेतील श्रेणी व सूक्ष्मदर्शकातील श्रेणी रुग्णागणिक ताडून पाहिल्या तेव्हा त्यांचा मेळ फारसा बसला नाही. असे असूनही प्रतिमेतील श्रेणी निरुपयोगी नव्हेत. रुग्ण पुढे कसा राहील याचा अंदाज त्यांवरून बरा करता येतो. भाषांतर मुळाशी एकनिष्ठ नसले तरी स्वतंत्रपणे वाचनीय असू शकते, त्यातलाच हा प्रकार.

एक विशेष अडचण श्लेष्मल गाठींची आहे. काही गाठी श्लेष्म स्रवतात, आणि उपचारानंतर पेशी मेल्या तरी श्लेष्माची तळी तशीच राहतात. प्रतिमेत ती पांढरीशुभ्र दिसतात. त्या तळ्यात एखादी जिवंत पेशी तरंगत आहे की ते निव्वळ निर्जीव पाणी आहे हे छटेवरून सांगता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीविरहित श्लेष्म आढळला तर ती पूर्ण दाद मानली जाते. प्रतिमेत मात्र तोच श्लेष्म शंकेचे कारण ठरतो.

ही उणीव काही अंशी विसरणाधिष्ठित प्रतिमांनी भरून निघते. पाण्याचे रेणू सतत इतस्ततः हलत असतात. पेशींची दाटी असेल तेथे त्यांच्या हालचालीस अटकाव होतो. पेशी मेल्या, त्यांची आवरणे फुटली की वाट मोकळी होते. गर्दीच्या बाजारात माणसाला चार पावले टाकणे अवघड जाते, बाजार उठल्यावर तोच सरळ चालत जातो, तसे हे. ही हालचाल मोजून घडविलेल्या प्रतिमेत जिवंत गाठ उजळ ठिपक्यासारखी उठून दिसते, आणि तो ठिपका विझणे हे सुचिन्ह मानले जाते. अर्थात् येथेही फसगत आहे: गुदाशयात साठलेल्या वायूमुळे प्रतिमा विकृत होऊन नसलेला ठिपका उमटू शकतो.

पेट या तंत्राचा मार्ग निराळा. त्यात किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात व ती कोठे साठते ते पाहतात. कर्कपेशी साखर अधिक खातात. परंतु किरणांनी दुखावलेल्या जागी धावून आलेल्या दाहपेशीही ती खातातच. म्हणून ही तपासणी घाईने करून चालत नाही. डोके व मान यांच्या कर्करोगांत या संयमाचे फळ उत्तम रीतीने दिसून आले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ५६४ रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत एका गटात मानेतील ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे केली. दुसऱ्या गटात उपचारानंतर १२ आठवड्यांनी पेट करून, शंका उरली तरच केली. दोन वर्षांनंतर जिवंत राहण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे होते. शस्त्रक्रिया मात्र पहिल्या गटात २२१, तर दुसऱ्यात अवघ्या ५४ कराव्या लागल्या.

थांबण्याचा हा मुद्दा किरणांच्या कार्यपद्धतीतूनच येतो. किरण पेशीला जागच्या जागी जाळून टाकत नाहीत; ते तिच्या डी. एन्. ए.चे धागे तोडतात. पेशी त्यानंतरही काही काळ जगते आणि पुढे विभाजन करू पाहते तेव्हा मरते. रुग्णांच्या बोलण्यात किरणोपचाराला ‘शेक’ वा ‘लाइट’ असे शब्द आहेत. त्यांत उष्णतेची व तत्काळतेची जी कल्पना येते ती दिशाभूल करणारी आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ल्यों येथील चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वी दोन आठवडे थांबले असता ५३ टक्के रुग्णांत दाद दिसली, सहा ते आठ आठवडे थांबले असता ७२ टक्क्यांत. मग आणखी थांबावे काय? २०१६ मधील एका फ्रेंच चाचणीत ७ व ११ आठवड्यांची तुलना झाली. पूर्ण दादीचे प्रमाण विशेष वाढले नाही, शस्त्रक्रिया मात्र अधिक अवघड झाली.

आता कर्करोगाची अवस्था लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीतील एका बारकाव्याकडे वळू. तीत गाठीसाठी ‘टी’ हे अक्षर असून गाठ नसल्यास त्यापुढे शून्य लिहितात. त्याआधी उपसर्ग लागतात. उपचारानंतरची अवस्था असल्यास ‘वाय्’. तपासणी व प्रतिमा यांवरून ठरविली असल्यास ‘सी’. काढलेल्या अवयवाच्या सूक्ष्मदर्शकीय परीक्षणावरून ठरविली असल्यास ‘पी’. म्हणजे ‘वाय्-सी-टी-शून्य’ आणि ‘वाय्-पी-टी-शून्य’ या दोन्हींतील शून्य एकच, परंतु ते कशावरून कळले हे उपसर्ग सांगतो.

भाषाविज्ञानात यालाच ज्ञानाधारदर्शक प्रत्यय म्हणता येईल. तुर्की भाषेत ‘तो आला’ हे स्वतः पाहून सांगावयाचे तर ‘गेल्दी’, आणि ऐकून वा खुणेवरून ताडून सांगावयाचे तर ‘गेल्मिश’. (मराठी ‘गेली’शी याचा काही संबंध नाही, अर्थ तर उलटाच.) दक्षिण अमेरिकेतील तुयुका भाषेत असे पाच प्रकार व्याकरणानेच सक्तीचे केले आहेत, बोलणाऱ्याला आपल्या माहितीचा उगम लपविताच येत नाही. मराठीत ही सक्ती नाही, पण सोय आहे: ‘गाठ गेली’, ‘गाठ गेलेली दिसते’, ‘गाठ गेली असावी’. वैद्यकाने आपल्या सांकेतिक लिपीत तुयुकासारखी सक्ती आणली हे माझ्या मते त्या लिपीचे मोठेच शहाणपण होय. दुर्दैवाने अहवालातून रुग्णाच्या घरी पोहोचेपर्यंत उपसर्ग गळतो आणि शून्य तेवढे उरते.

‘सी’च्या शून्यावर विसंबून शस्त्रक्रिया टाळण्याचे धाडस प्रथम ब्राझीलमधील शल्यविशारद अँजेलिता हाब्र-गामा यांनी पद्धतशीरपणे केले. २००४ साली त्यांनी २६५ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी ७१ जणांत उपचारानंतर गाठीचा मागमूस आढळला नाही, व त्यांच्यावर शस्त्रक्रिया न करता केवळ बारकाईने लक्ष ठेवण्यात आले. प्रारंभी त्यांच्यावर टीकाच अधिक झाली. पुढे निरनिराळ्या देशांतील अशा रुग्णांची एकत्र नोंद होऊ लागली, आणि २०१८ मध्ये पूर्ण दाद दिसलेल्या ८८० रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. दोन वर्षांत सुमारे २५ टक्के रुग्णांत गाठ पुन्हा वाढली. एकूण पुनर्वाढींपैकी ८८ टक्के पहिल्या दोन वर्षांतच आढळल्या, आणि ९७ टक्के आतड्याच्या भिंतीत, म्हणजे बोटाने वा दुर्बिणीने सापडण्याजोग्या जागी होत्या. यावरून दिसेल की हा निर्णय केवळ प्रतिमेवर घेतला जात नाही. बोटाने तपासणी, दुर्बिणीतून प्रत्यक्ष दर्शन व एम्. आर्. आय्. या तिन्ही साक्षी जुळाव्या लागतात. आणि जुळल्या तरी चारांत एकीचे शून्य खोटे ठरते. ‘थांबा व पाहा’ या पद्धतीतील ‘पाहा’ हा शब्द म्हणूनच अधिक वजनाचा आहे.

वाचकावाचकांतील मतभेद हा आणखी एक पैलू. दोन तज्ज्ञांनी तेच शंभर चित्रपट स्वतंत्रपणे वाचले व ८० बाबतींत त्यांचे एकमत झाले, तर ते उत्तम वाटते. परंतु समजा दोघेही शंभरांतील ८० वेळा ‘गाठ उरली आहे’ असेच म्हणतात. तर डोळे मिटून उत्तरे दिली तरी ६४ व ४ मिळून ६८ वेळा त्यांचे एकमत योगायोगाने होईल. योगायोगापलीकडे शक्य असलेल्या ३२ पैकी त्यांनी केवळ १२ मिळविले. कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कप्पा गुणक तो हाच, येथे ०.३७५. आपल्याकडे भाषासंग्रहांतील वाक्यांना व्याकरणिक खुणा लावताना दोन अभ्यासकांतील एकमत याच गुणकाने मोजतात. आपल्या विद्यार्थ्यांनी तो सूत्र म्हणून पाठ न करता, तो कमी आल्यास काय पणास लागू शकते हे या उदाहरणावरून समजून घ्यावे.

अहिल्यानगरजवळच्या भिंगारसारख्या छावणीच्या गावातून रुग्ण पुण्याला किंवा मुंबईला जातो. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले तेव्हापासून मराठी मुलखातील कर्करुग्णांची ती वाट रुळलेली आहे. परत येताना त्याच्या हाती मोठा लखोटा व इंग्रजी अहवाल असतो. भिंगारातील असाच एक अहवाल परिचितांनी माझ्याकडे आणला होता. ‘सर, काकांची गाठ गेली असं लिहिलंय ना? मग तीन महिन्यांनी परत कशाला बोलावलंय? गाडीभाडं, खाडे, सगळंच आलं,’ असे पुतण्याने विचारले. अहवालात ‘गेली’ असे नव्हते. पूर्ण प्रतिसादाशी सुसंगत स्वरूप दिसते, असे होते. ‘सुसंगत’ आणि ‘दिसते’ हे दोन्ही शब्द घरी येईपर्यंत गळून पडले होते, आणि त्यांबरोबर पुढच्या तपासणीचे कारणही. शस्त्रक्रिया टाळलेल्या रुग्णाने तपासणीही टाळली, तर आरंभी सांगितलेली चौथी जोडी, ‘दिसत नाही पण आहे’, उघडकीस येण्याचा मार्गच बंद होतो.

शब्दांचा असा प्रत्यक्ष परिणाम होतो याचे प्रमाण आपल्याच प्रदेशात आहे. बार्शी येथे १९८७ मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी त्यांच्या भाषेत रोगाच्या लक्षणांविषयी बोलू लागले. पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्याचे दिसून आले.

तेव्हा अहवालाचा शेवटचा परिच्छेद मराठीत असावा, आणि त्यात ज्ञानाचा आधार व्याकरणाने व्यक्त व्हावा, अशी माझी सूचना आहे. उदाहरणार्थ: ‘तपासणीत व प्रतिमेत गाठ दिसेनाशी झाली आहे, ती नाहीशी झाली आहे की नाही हे पुढील तपासण्यांवरूनच कळेल, पहिली दोन वर्षे त्या चुकवू नयेत.’ पारिभाषिक शब्दांत ‘प्रतिसाद’ ऐवजी ‘दाद’ हा शब्द मला अधिक पसंत आहे. ‘औषधाला दाद देत नाही’ हा प्रयोग घरोघरी आहे, आणि दाद दिली म्हणजे रोग हटला असा अर्थ त्यातून कोणी काढत नाही. प्रश्न राहतो तो पूर्ण व अंशतः यांच्या मधल्या वर्गाचा: जेथे व्रण जवळजवळ निर्दोष आहे, पण एक करडी कड शंका उत्पन्न करते, आणि तज्ज्ञ सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा प्रतिमा घेण्यास सांगतात. इंग्रजीतील संज्ञेप्रमाणे ‘जवळजवळ पूर्ण’ म्हटले की ऐकणारा ‘पूर्ण’ तेवढे ऐकतो. ‘अनिश्चित दाद’ म्हटले तर तो निष्कारण हबकतो. ‘दाद चालू आहे’ हा शब्दप्रयोग मी सुचवून पाहिला, कारण त्यात क्रिया अपुरी असल्याचे व पुन्हा पाहावयाचे असल्याचे दोन्ही येते. परंतु किरणांचा परिणाम एव्हाना थांबला असेल तर तोही खोटा ठरतो. या एका वर्गासाठी समर्पक मराठी संज्ञा अद्याप घडवावयाची आहे.